कानांची मापं

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला, "वसंतअण्णा, यंदा तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा की." मी म्हटलं, "अहो, मी काय कलेक्टर होतो? जयनगरातल्या एका दुकानात उभं राहून सव्वीस वर्षं कॉम्प्युटरचे स्पीकर विकले. त्यात लिहिण्यासारखं काय आहे?" त्या म्हणाल्या, "तेच लिहा. कलेक्टर दरवर्षी लिहितात." म्हणून लिहितोय. अट एकच घातली आहे. माझ्या मराठीत कानडी शब्द आले तर छापताना ते सुधारायचे नाहीत. अट का घातली ते पुढं कळेल.

दुकानात कीबोर्ड, माउस, वायरी, सगळंच होतं, पण स्पीकरचा कोपरा माझा. एक लांबट टेबल, त्यावर दहा-बारा जोड मांडलेले, आणि माझ्या गळ्यात शिंप्याची टेप. आमचे वडील शिंपी, आजोबा शिंपी. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर आमचा जो कोणी मूळ पुरुष इकडं कानडी मुलखात आला, त्यानंही लढाई न करता तंबूच शिवले असणार अशी माझी खात्री आहे. मी मशीनवर बसलो नाही, पण गळ्यातली टेप काही सुटली नाही.

गिऱ्हाईक आलं की मी पहिल्यांदा विचारायचो, "टेबल केवढं?" तो दोन्ही हात पसरून दाखवायचा. हातांनी दाखवलेलं टेबल आणि घरातलं टेबल यांत फूटभर तरी फरक असतो, लिहून ठेवा. मी त्याला सांगायचो, "घरी जा, मॉनिटरच्या डाव्या-उजव्या बाजूला किती बोटं जागा उरते ती मोजून ये, मग देतो." आमचे मालक मंजुनाथ डोक्याला हात लावायचे. "वसंता, तू माल विकतोस की गिऱ्हाईक परत पाठवतोस?" पण गिऱ्हाईक परत यायचं. येताना शेजाऱ्यालाही घेऊन यायचं.

बाहेरच्या माणसाला वाटतं की स्पीकर जेवढा मोठा तेवढा चांगला. छोट्या टेबलावर हे चालत नाही. तुम्ही त्याच्यापासून दोन-अडीच फुटांवर बसणार. एवढ्या जवळच्या माणसाशी कोणी ओरडून बोलतं काय? मुठीएवढे दोन डबे पुरतात, फक्त नीट मांडायला हवेत. डावा डबा, उजवा डबा आणि तुमचं डोकं, तिन्हींत सारखं अंतर. डब्यांची तोंडं कानांकडं. नुसते टेबलावर ठेवून दिलेत तर आवाज तुमच्या शर्टाच्या बटणांना ऐकू जाणार. पुढून स्वल्प उचलून ठेवा. त्यासाठी जुन्या रबरी चपलेचा तुकडा सगळ्यात उत्तम, तो टेबलाची थरथरही खातो. मॉनिटरच्या मागं लपवू नका. आणि खोक्यावर वॉटचा जो आकडा छापलेला असतो तो वाचायचासुद्धा नाही. तो छापणाऱ्याच्या मनाचा मोठेपणा.

सगळेच ऐकतात असं नाही. विमानतळाजवळ देवनहळ्ळीच्या नव्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, राहणारा एक इंजिनिअर आला. खोली आठ बाय दहा, टेबल दोन फुटी, आणि साहेबांना हवा होता खाली ठेवायचा तो मोठा धमधम डबा. मी टेप लावून दाखवलं. "सर, हा टेबलाखाली गेला की तुमचे पाय कुठं जाणार?" तो म्हणाला, "मी मांडी घालून बसेन." घेऊन गेला. आठव्या दिवशी गुडघा चोळत आला आणि खोकं माझ्यापुढं ठेवलं. मी दोन छोटे डबे बांधून दिले.

बनशंकरीच्या एका सद्गृहस्थांनी तर तीनदा जोड बदलून नेला. दर वेळी तक्रार तीच, सकाळी घुर्रर्र आवाज येतो. चौथ्यांदा मीच त्यांच्या घरी गेलो. बघतो तर भिंतीपलीकडं स्वयंपाकघर, आणि स्पीकरचा प्लग आणि इडलीचं पीठ दळायचा ग्राइंडर एकाच बोर्डावर. स्पीकर निर्दोष होते, घुरघुर इडलीची होती. प्लग बदलला, चार इडल्या खाल्ल्या आणि परत आलो. मंजुनाथांनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "चटणी चांगली होती."

आता माझं खास गुपित सांगतो. स्पीकर ऐकवताना सगळे दुकानदार गाणं लावतात. दणकेबाज गाणं लावलं की कुठलाही डबा बरा वाटतो. मी माणसाचा आवाज लावायचो, आणि तोही माझ्या बायकोचा. एकदा शारदा फोनवर मला किराणा सांगत होती, तेव्हा मी तिला न सांगता ते रेकॉर्ड करून ठेवलं होतं. "तूरडाळ दीड किलो, गूळ पाव किलो, अंधारात घेतल्यासारखा काळा नको, नीट बघून आणा की, रवा स्वल्प जाडा..." असं दोन मिनिटं. हा आवाज मी घरी रोज ऐकतो, त्यामुळं तो कसा आहे हे मला पक्कं ठाऊक. ज्या स्पीकरमधून शारदा गोड वाटायची, तो खोटा. त्याला मी सरळ मागच्या फळीवर टाकायचो. ज्यातून ती आहे तशीच वाटायची, मधेच कडाडणारी, मधेच नाकात बोलणारी, तोच मी विकायचो. गिऱ्हाइकाला मराठी कळो न कळो. किती तरी कानडी, तमिळ, तेलुगू माणसांनी माझ्या बायकोचा किराणा ऐकून स्पीकर घेतले आहेत. तिला हे कळलं तेव्हा घरात काय झालं तो वेगळा लेख होईल.

आता खरी गोष्ट. मी ही कुणाला सांगितलेली नाही. म्हणजे साऱ्या गोतावळ्याला माहीत आहे, पण माझ्या तोंडून नाही.

शारदाची धाकटी बहीण नलू आणि तिचा नवरा रघुनाथ, म्हणजे माझा साडू, बनशंकरीला राहतात. त्यांना एकच मुलगी, मेघना. ऑफिसचं काम ती घरूनच करते. त्याच ऑफिसात निखिल म्हणून पुण्याचा मुलगा. तीन वर्षांची ओळख, आणि दोघांनी लग्न करायचं ठरवलेलं. पण मेघनानं दोन्हीकडं स्पष्ट सांगितलं होतं, "दोन्ही घरं मनापासून हो म्हणाली तरच. कुणाला रडवून मी लग्न करणार नाही." आमच्याकडं हो म्हणायचा मान होता रघुनाथच्या चुलत्यांचा, दत्तूकाकांचा. वय ब्याऐंशी, कान गेलेले, आवाज शाबूत. त्यांनी एकच धरलं होतं, "पुण्याची सोयरीक नको." का नको, विचारलं की गप्प.

शेवटी महिनाभर समजूत घातल्यावर म्हातारा एवढ्यावर आला की एकदा व्हिडिओ कॉलवर माणसं बघू. तिकडून निखिलचे आईवडील आणि आजी, इकडून आम्ही पाचजण आणि मेघना. मेघना दुकानात आली. "काका, लॅपटॉपच्या आवाजात दत्तूआजोबांना काही ऐकू यायचं नाही. दोन हजारांच्या आत काहीतरी द्या. ठेवायला जागा मात्र माझ्या टेबलावरच."

मी टेप घेऊन बनशंकरीला गेलो. कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये कोंबलेलं टेबल, लांबी तीस इंच. मॉनिटरनं बावीस खाल्लेले. दोन्ही बाजूंना चार-चार इंच, त्यातल्या डावीकडच्या चार इंचांत पेनं आणि औषधाच्या बाटल्या. एरवी मी बाटल्या हलवून दोन छोटे डबे बसवले असते. पण इथं ऐकणारं माणूस एक नव्हतं, मागं दोन रांगा होत्या. म्हणून मी माझा नियम मोडला आणि लांबट पट्टी दिली, मॉनिटरच्या पायाखाली सरकते ती. त्या पट्टीत माइकपण होता. मागच्या रांगेतला माणूसही पलीकडं स्पष्ट ऐकू जाईल असं खोक्यावर लिहिलं होतं. खोक्यावर लिहिलेलं खरं निघायची ती माझ्या अख्ख्या नोकरीतली एकमेव वेळ.

खुर्च्या मांडून मी प्रत्येकाच्या कानापर्यंतचं अंतर मोजलं. दत्तूकाकांचा कान सात फुटांवर आला, तो मी पाचावर आणला. काम झालं. तेवढ्यावर थांबलो असतो तर किती बरं झालं असतं.

पण मी जास्तीचा शहाणा. म्हटलं, आपण घरी 'थोडं'ला 'स्वल्प' आणि 'ठीक'ला 'सरी' म्हणतो, असलं मराठी पुण्यात चालायचं नाही, पोरीचं नुकसान होईल. एका पुठ्ठ्यावर स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहिलं, "न बोलायचे शब्द. स्वल्प. सरी. अण्णा. अक्का. वाक्याच्या शेवटी 'की' लावू नये." आणि तो पुठ्ठा मॉनिटरच्या वर भिंतीला चिकटवला, म्हणजे बोलताना समोर दिसेल. आठ दिवस तालीम घेतली. रघुनाथ दाढी करता करता "आपणांस भेटून अत्यंत आनंद जाहला" म्हणायचा. नलू "अहो, ऐकलंत का" म्हणायला शिकली. शारदाच्या तोंडचं 'की' काही केल्या जाईना, तेव्हा मी तिला फक्त हसायला सांगितलं. मेघनानं पुठ्ठा वाचला, माझ्याकडं बघितलं आणि आत गेली. मला वाटलं, पोरगी लाजली.

रविवारी सकाळी अकराला कॉल लागला. आवाज काय सुंदर आला म्हणून सांगू! दत्तूकाकांनी पहिल्याच वाक्याला मान हलवली. पडद्यावर मध्ये आजी, एका बाजूला निखिल आणि त्याची आई, दुसऱ्या बाजूला वडील. आमचा रघुनाथ उठून उभा राहिला, हात जोडले आणि पाठ केलेलं वाक्य म्हणाला, "आपला प्रवास सुखाचा झाला ना?"

ती माणसं आपल्या घरातच बसलेली होती. निखिलचे वडील क्षणभर गोंधळले आणि म्हणाले, "हो."

पुढची दहा मिनिटं अशीच गेली. आमची माणसं पंचायतीसमोर जबानी दिल्यासारखी बोलत होती, तिकडची माणसं "हो", "नाही", "छान" म्हणत होती, आणि निखिलचे वडील तर आता ओठ घट्ट मिटून बसले होते. मग दत्तूकाकांनी मेघनाला हुकूम सोडला, "तू आत जा. मोठ्यांना बोलू दे." ती गेली. आता माउसपाशी मी, म्हणजे तज्ज्ञ माणूस.

इतक्यात तिकडं दाराची बेल वाजली. निखिलची आई उठली, आजी म्हणाली, "एक मिनिट हं." रघुनाथनं मला हातानं खूण केली, बंद कर. मी झोकात पट्टीवरचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. मी म्हटलं, "झालं. आता बोला."

त्या बटणानं पट्टीतून बाहेर येणारा आवाज बंद होतो. पट्टीत शिरणारा आवाज बंद होत नाही. या धंद्यात जन्म काढलेल्या माणसाला एवढं कळायला हवं होतं. पण मी कानांची मापं घेतली होती, तोंडांची नाही.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला आणि आठ दिवसांचं साठलेलं बाहेर पडलं.

"मुलगा सरी आहे," दत्तूकाका गरजले. कान गेलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. "पण तो बाप कशाला लिंबू चावल्यासारखा बसलाय?"

"काका, मागचा पडदा बघा की," शारदा म्हणाली. तिला तर बोलायचीच बंदी होती, त्यामुळं तिचा जोर जास्त. "गणपतीपासून धुतलेला नाही."

"अक्का, हळू," नलू म्हणाली.

"हळू कशाला? यांनी बंद केलंय की."

पडद्यावर निखिलचे वडील दोन्ही हात हलवायला लागले. तोंडही हलत होतं, पण आम्हाला काही ऐकू येत नव्हतं, कारण ते मीच बंद केलं होतं. नलू म्हणाली, "डास आहेत वाटतं." "पुण्यातपण?" शारदा म्हणाली, आणि तिला बरंच समाधान झालेलं दिसलं.

रघुनाथनं मात्र गळ्याचं बटण सोडलं आणि तो खाली बघत बोलायला लागला. "अण्णा, मला कसं तरी होतंय. एवढं शुद्ध बोलून जीभ दुखायला लागली. उद्या पोरगी त्यांच्या घरची झाली की मी तिच्याशी फोनवर पण असंच बोलायचं काय? तिथं सणाला गेली आणि तोंडातून एक शब्द इकडचा गेला, तर हसतील तिला. माझ्या आईला हसले होते. नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो तिकडं, मी आठ वर्षांचा होतो. आई पंगतीत म्हणाली, स्वल्प भात वाढा. सगळी पंगत हसली. आई जेवली नाही."

"काय म्हणतो तो?" दत्तूकाकांनी विचारलं. नलूनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ते सगळं पुन्हा ओरडून सांगितलं. म्हणजे पुण्याला ते दोनदा ऐकू गेलं.

म्हाताऱ्यानं ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वहिनी त्या दिवसापासून बाहेरच्या मराठी माणसापुढं तोंड उघडायची नाही. मरेपर्यंत. घरात किती गाणी म्हणायची, पण पाहुणा आला की आत. म्हणून मी म्हणतो, पुण्याची सोयरीक नको. या पोरीचं तोंड मिटलेलं मला बघवणार नाही."

दत्तूकाकांच्या नकाराचं कारण मला त्या दिवशी कळलं. कळलं तेव्हा माझी नजर भिंतीवरच्या पुठ्ठ्यावर गेली. त्यावर पहिलाच शब्द, माझ्या अक्षरात, 'स्वल्प'.

तेवढ्यात मेघना कॉफी घेऊन बाहेर आली. तिनं लाल दिवा बघितला, स्क्रीन बघितला, आणि ट्रे तसाच हातात धरून म्हणाली, "काका, माइक चालू आहे."

तिनं वाकून बटण दाबलं, आवाज सुरू झाला. तिकडं कोणी हात हलवत नव्हतं. आजी पुढं वाकून म्हणाली, "आता येतंय का तुम्हाला ऐकू? आम्हाला केव्हाचं येतंय." मग निखिलच्या वडिलांकडं बघून म्हणाली, "बरं, आम्ही कळवतो." आणि कॉल संपला.

मुलगी असलेल्या घराला 'कळवतो'चा अर्थ सांगावा लागत नाही. नलू रडायला लागली. दत्तूकाका विचारत राहिले, "काय झालं, काय झालं?" आणि या वेळी त्यांना कुणी ओरडून सांगितलं नाही.

नंतरचे दिवस विचारू नका. शारदानं माझ्याशी बोलणं टाकलं. दुकानात मात्र ती दिवसभर बोलत होती, तूरडाळ दीड किलो, गूळ पाव किलो. दोन दिवसांनी मेघना दुकानात आली. पट्टीचं खोकं माझ्या टेबलावर ठेवलं. "परत घ्या, काका."

मी म्हटलं, "पोरी, चूक झाली. त्या बटणाची मला शरम वाटते."

"बटणाचं काही नाही हो. कोणाकडूनही होतं ते." तिचे डोळे भरले होते, पण आवाज साफ होता. "मला राग त्या पुठ्ठ्याचा आहे. तीन वर्षं मी निखिलशी असंच बोलते. स्वल्प, सरी, सगळं. त्याला तेच आवडतं. मला एका शब्दानं तरी विचारलंत? मी जशी बोलते तशी दाखवायची तुम्हाला लाज वाटली, असं झालं ना ते?"

समोर स्पीकर चालूच होता, शारदा म्हणत होती, रवा स्वल्प जाडा. आवाज गोड करणारे डबे मी सव्वीस वर्षं मागच्या फळीवर टाकत आलो, आणि घरच्या माणसांचे आवाज गोड करायला मात्र स्वतः पुठ्ठा घेऊन बसलो. मी मेघनाला तसं सांगितलं. नाक पुसत ती म्हणाली, "मावशीला हे रेकॉर्डिंग माहीत आहे?" मी म्हटलं, "अजून नाही." तेव्हा ती जराशी हसली. खोकं मी परत घेतलं नाही. म्हटलं, एक दिवस थांब.

का म्हटलं ते मलाही ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. कॉलच्या आधी तपासणीसाठी निखिलला मी माझा नंबर दिला होता.

"वसंतराव का? मी निखिलचा बाबा." जरा थांबून ते म्हणाले, "लिंबू."

मी खुर्ची शोधली.

"अहो, घाबरू नका," ते म्हणाले. "त्या दिवशी मला घरून तंबी होती. तुम्ही सगळे इतकं पुस्तकी बोलत होतात की आमची ही म्हणाली, फार मोठी माणसं दिसतात, तुम्ही काही बोलू नका, भलतंच काहीतरी बोलून बसाल. म्हणून तोंड मिटून बसलो होतो. तुमचं ऐकू यायला लागल्यावर सांगत होतो, अहो, आवाज येतोय, पण तुम्ही बघेचनात."

"आम्हाला वाटलं, डास."

"तेही ऐकलं." ते हसले, मग आवाज खाली आला. "रघुनाथरावांच्या आईंचं ऐकून आमच्या आईला फार लागलं. दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. तिचं म्हणणं, तसल्या पंगतीत आपणही कधीतरी बसलो असू, आणि हसलोही असू. कळवतो म्हणाली, कारण त्या वेळी दुसरं काही तोंडातून निघेना. आता कळवतोय. परत एकदा फोन लावा. तो डबा तसाच ठेवा, आणि आईनं सांगितलंय, ते बटण दाबू नका."

मी दुकानातून थेट बनशंकरीला गेलो. रिक्षात डोळे पुसत होतो, रिक्षावाला म्हणाला, "काय सर, डोळ्यात धूळ?" म्हटलं, "हो, भरपूर."

दुसऱ्या कॉलला रांगा नव्हत्या. जो तो जागा मिळेल तिथं बसला, नलू तर दारातच खाली. पुठ्ठा भिंतीवर नव्हता. शारदानं तो काढून मागच्या बाजूला किराण्याची यादी लिहिली होती आणि माझ्या हातात दिली होती, पाच दिवसांतलं तिचं माझ्याशी पहिलं बोलणं. मेघना आजोबांच्या शेजारी बसली, तिला कुणी आत जा म्हटलं नाही. आजी म्हणाली, "आता घरी बोलता तसं बोला." तोंड उघडलं ते दत्तूकाकांनी, आणि विचारलं काय तर, "पडदा धुतला काय?"

मला वाटलं, संपलं. पण निखिलची आई उठली, खुर्ची बाजूला सारली आणि मागचा पडदा दोन्ही हातांनी पसरून दाखवला. नवा कोरा होता. दत्तूकाकांनी तो नीट बघून घेतला, मेघनाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिकडं बघून म्हणाले, "मुलगा सरी आहे. पोरीला बोलू द्या म्हणजे झालं."

"ती बोलेल आणि आम्ही ऐकू," आजी म्हणाली.

साखरपुडा जयनगरातल्या एका हॉलमध्ये ठरला. पुण्याची मंडळी सकाळच्या विमानानं येणार होती. साडेदहा झाले तरी पत्ता नाही, आणि रघुनाथची हॉलच्या दारात येरझार सुरू. घटकेत घड्याळ बघायचा, घटकेत मला विचारायचा, "येतील ना?" त्याचं सगळं आयुष्य त्या दारात उभं होतं. शेवटी माझा फोन वाजला. बँडवाल्यांच्या गोंगाटात ऐकू येईना म्हणून मी तो स्पीकरवर टाकला. फोनचा तो चिमुकला स्पीकर, आवाज फाटत होता, दुकानात असता तर मी मागच्या फळीवर टाकला असता.

"अण्णा," निखिलचे वडील म्हणत होते, "देवनहळ्ळीच्या पुढं आलोय. ट्रॅफिक फार आहे की. स्वल्प थांबा."

रघुनाथनं माझ्या हातातून फोन घेतला. चष्मा कपाळावर सरकवला, डोळे पुसले.

"सरी," तो म्हणाला. "सरी, सरी. सावकाश या."